दुसा, चौसा आणि आमचे अण्णा

वकिलाच्या ऑफिसात फायली साठतात, पण कधी ना कधी निकाली तरी निघतात. किस्से मात्र साठतच जातात! त्यात सीनियर आमच्या अण्णांसारखे असतील तर विचारूच नका. विश्रामबागेतल्या त्यांच्या ऑफिसात मी बारा वर्षं ज्युनिअर आहे. अण्णांना कायदा येतोच, पण जगातलं बाकीचं सगळंही यायला हवं असतं.

*

माझ्या इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, "चहात आलं आधी की दूध आधी?"

मी म्हटलं, "आधी आलं उकळायचं. नाहीतर दूध फाटतं."

"कुणी सांगितलं?"

"एकदा फाटलं होतं."

"म्हणजे अनुभव आहे! उद्यापासून या."

कायद्याचा एकही प्रश्न नाही!

*

एका दाव्यात साक्षीदार गवंडी होता. अण्णांनी उलटतपासात त्याला गच्चीचा उतार, वॉटरप्रूफिंग, सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी जजसाहेब वैतागले. "वकीलसाहेब, वाद कंपाउंडच्या भिंतीचा आहे. यात गच्ची आली कुठून?"

"माझ्या घरची आहे, साहेब. दोन वर्षं गळतेय!"

*

एकदा अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. वहिनी बाहेर देवाचं नाव घेत बसल्या. अर्ध्या तासाने डॉक्टर आले, कपाळाला आठ्या.

"साधी ॲसिडिटी आहे. पण यांना आधी घरी न्या! ईसीजीचं मशीन आतून कसं असतं ते बघायला स्क्रू ड्रायव्हर मागतायत."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "स्क्रू ड्रायव्हर मागितला? मग बरे आहेत हो!"

*

रहिमतपूरहून परत येताना वाटेत जनावरांचा बाजार लागला. अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि तासभर बैलांची तोंडं उघडून बघत बसले. मी गाडीत उकडून निघाले. व्यापारी बिचारा सांगत होता, "दोन पक्कं दात आलं की दुसा, चार आलं की चौसा, मग सहादाती. वर्साला जोडी वाढती बघा. आवं, पण तुमी बैल घेणार हाय का न्हाई?"

"नाही."

"मग त्येचं तोंड मिटू द्या की!"

*

पुढे काही महिन्यांनी कडेगावच्या बाजूचे संपततात्या आले. फौजेतून रिटायर झालेले, ताठ कण्याचे. त्यांनी बाजारातून घेतलेला खोंड आपलाच चोरलेला आहे, अशी फिर्याद बबन नावाच्या शेतकऱ्याने दिली होती.

"वकीलसाहेब, खोंड गेला तर जाऊ द्या. पर समदं गाव चोर म्हणतंय. ह्ये नाव घिऊन मरायचं व्हय?"

फाईल मी वीस वेळा वाचली. काही म्हणता काही सापडेना. कोर्टात अण्णांनी बबनला एवढंच विचारलं, "वर्षापूर्वी चोरीला गेला तेव्हा किती दाती होता?"

"चौसा! मी सोता तोंड उघडून बघिटलंय."

अण्णांनी जनावरांच्या डॉक्टरांचा ताजा दाखला पुढे केला. तात्यांच्या खोंडाला पक्के दात दोनच.

"साहेब, माणूस केस काळे करून लहान होतो. बैल कसा होईल?"

जजसाहेबांनाही हसू आवरेना.

तात्या निर्दोष सुटले. निकाल ऐकून मला रडूच फुटलं, इतकं हलकं वाटलं. बाहेर तात्यांचा टेम्पो उभा होता, पण निरोप घ्यायला अण्णा कुठेच दिसेनात! शोधलं, तर पायरीवर बबनच्या शेजारी बसलेले.

"बरं, मग तुझा खोंड शेवटचा दिसला कुठे? शिंगं कशी होती?"

बबन मान खाली घालून म्हणाला, "रंग, शिंगं, समदं तात्यांच्या खोंडावाणीच हुतं ओ. लेकरागत वाढवला हुता. म्हून चुकलो."

तेवढ्यात तात्या तिथे आले. बबनचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. टेम्पोकडे बोट करून ते म्हणाले,

"ऊठ रं, बस गाडीत. पर ध्यानात ठेव, आता सहादाती हुडकायचा हाय!"