इंदूबाईंनी चिमटा घेतला नाही

वसंत पंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता, मी रंगाच्या पेटीशेजारी बसून तोंडाला लावायच्या सफेद्याच्या डब्यांना झाकणे लावत होतो. तेवढ्यात इंदूबाईंनी मनगटावरचे घड्याळ उतरवून माझ्या हातात दिले. "हाई घड्याय तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. खेळ सरना का मंग दे," त्या म्हणाल्या. वगात त्या दरिद्री आईचे काम करत आणि दरिद्री आईच्या हातात घड्याळ शोभत नाही. मला घड्याळ वाचता येत नव्हते. सव्वातीन ही वेळ त्यांनीच काट्यांवर बोट ठेवून, काटे कसे वाचायचे ते शिकवत सांगितली, म्हणून ती अजून लक्षात आहे.

इंदूबाईंची आणि माझी ओळख त्याच आठवड्यातली. त्या माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या आत्या. आमच्या अहिराणीत आत्याला फुई म्हणतात. सख्ख्या फुईची ओळख सातव्या वर्षी व्हावी याचे नवल वाटेल. लहानपणी माझी छाती नाजूक होती. ट्रकमधली धूळ आणि उघड्यावरचे झोपणे मला सोसणार नाही म्हणून आईवडिलांनी मला दोन वर्षे चिंचपाड्याला मामांकडे ठेवले होते. त्याआधीचे मला काही आठवत नव्हते, आणि चार-पाच दिवसांपूर्वीच मी परत आलो होतो.

इंदूबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या गायनावर आणि अभिनयावर जाणकार मंडळी लिहितीलच. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला फक्त एवढेच सांगायचे आहे की आमच्या घरातल्या मुलांचे बालपण त्यांनी कसे राखले.

आमचा तमाशाचा फड म्हणजे आमचे घरच होते. वडील मालक आणि वगातले राजे. धाकटे काका सोंगाड्या, म्हणजे लोकांना हसवणारे. आई नाचत असे आणि तीसेक माणसांचा स्वयंपाकही बघत असे. आम्हा मुलांना पाळणा माहीत नव्हता. आम्ही लुगड्यांच्या गाठोड्यांवर वाढलो. ढोलकी वाजत असताना गाढ झोपायचो आणि ती थांबली की दचकून जागे व्हायचो. कोणाचे भाषण कोणते, हे आम्हाला कोणी शिकवले नाही. जेवताना एकाने सहज एखादे वाक्य टाकले, की पंगतीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस घास हातात धरून पुढचे वाक्य म्हणत असे. नंदुरबारच्या बाजारात एका मारवाडी शेठजींकडे आमचे कापड घेतले जाई. ते उरलेले तुकडे इंदूबाईंसाठी बाजूला ठेवत. त्या तुकड्यांतून आमचे राजपुत्राचे अंगरखे शिवले जात आणि पुढे तेच फाटेपर्यंत शाळेचे सदरे होत.

शाळेबद्दल सांगतो. फड ज्या गावात दोन दिवस थांबे, तिथे इंदूबाई सकाळी आंघोळ करून आम्हा मुलांना शाळेत घेऊन जात. मास्तरांना म्हणत, "दोन दिनना पाव्हना शेतस, गुरुजी. मांगे बठाडी द्या." एका गुरुजींनी विचारले, दोन दिवसांत काय शिकणार? त्या म्हणाल्या, "दोन अक्षरं ते शिकतीन?" मी आज जे चार शब्द शुद्ध लिहितो, ते निदान चाळीस गावांतल्या मास्तरांनी दोन-दोन दिवसांत शिकवलेले आहेत. बाई स्वतः चौथीपर्यंत शिकल्या, पण माझी पाटी तपासल्याशिवाय तोंडाला रंग लावत नसत.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वगात एक लहान मुलगा होता. त्याची दरिद्री आई त्याला राजवाड्याच्या दाराशी सोडून जाते, तो रडतो, राजा त्याला वाढवतो आणि शेवटी तोच गादीवर बसतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्याच मुलाने करायचे. इंदूबाईंनी ते पाचव्या वर्षी केले, त्यांच्यामागून माझ्या वडिलांनी, मग काकांनी. पोशाखांच्या मोठ्या लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून या मुलांची नावे रंगाने लिहिलेली होती. आणि मूल रडावे म्हणून एक रीतही होती. आईचे काम करणारी बाई मुलाला कुशीत घेताना पदराआडून त्याच्या दंडाला चिमटा घेई. लोकांना वाटे, काय जिवंत काम करते पोर! घरातली मोठी माणसे दंडावरचे व्रण एकमेकांना दाखवत आणि हसत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

मला रडता येत नव्हते. भीती वाटली की माझे डोळे कोरडे पडत आणि पाय गार होत. चार दिवस तालीम झाली. काका म्हणाले, "हाऊ पोऱ्या नही, सरकारी हापीस शे! कितला बी अर्ज करा, पाझरस नही." सगळे हसले, मीही हसलो. वडील हसले नाहीत. शनिवारी कोरीटच्या जत्रेत दिवसाचा खेळ होता. ते म्हणाले, "शनवारले नही रडना, ते ऐतवारनी पहिली एस्टीनं मामाकडे. आठे बठी खावाले कोनी नही." फडात नुसता बसून खाणारा चालत नसे. आई भाकऱ्या थापत राहिली.

त्या शनिवारी तंबूच्या कनातीआड वडील आणि इंदूबाई बोलत होते. मी घड्याळ घेऊन पेटीवर बसलो होतो, म्हणून सगळे ऐकले.

"आक्का, आज चिमटा ले. जोरमा ले."

"नही."

"आपन बी तसाच मोठा व्हयनूत."

"मोठा व्हयनूत, भाऊ. पन तू अजून बी कोनी जोडे बठनं का दंड झाकी लेस. मी देखस ना."

वडील मग म्हणाले, "मंग उद्या त्याले धाडानं. मी सांगी टाकेल शे." इंदूबाई रंग लावायला गेल्या. थोरल्या बहिणीलाही फडात मालकाचा शब्द मोडता येत नसे.

खेळ सुरू झाला. दाराचा प्रसंग आला. इंदूबाईंनी मला कुशीत घेतले. मी दात आवळून चिमट्याची वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, घ्या, लवकर घ्या, म्हणजे मी रडेन. पण त्यांचा हात माझ्या पाठीवर नुसता फिरत राहिला. मी वर पाहिले, तर त्यांच्याच डोळ्यांतून पाणी चालले होते. रंग धुऊन त्याचे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते. असे रडणे मी तालमीत पाहिले नव्हते. तालमीत त्या चांगले रडत, हे वेगळे होते. मी वग विसरलो, लोक विसरलो. बाहीने त्यांचे तोंड पुसू लागलो आणि मोठ्याने म्हणालो, "फुई, मले मामाकडे धाडू नको!"

मंडपात मागचे लोक उठून बघू लागले. वगात त्या माझी आई होत्या आणि वगात मामा कोणी नव्हताच. बाजाची पेटी वाजवणारे मास्तर सूर धरून थांबले. इंदूबाईंनी आता दोन पावले मागे जाऊन, पदराने डोळे झाकून निघून जायचे होते. त्या जागच्या हलल्या नाहीत. खाली बसल्या, मला मांडीवर घेतले आणि साऱ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नही धाडाव. फुई जित्ती शे तवपावत कोठेच नही धाडाव!"

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. "व माय, फुई शे व ती!" त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि ते सगळ्या मंडपाला पटले.

पण वगाचे काय? फुईने मूल सोडलेच नाही तर राजा वाढवणार कोणाला? वडील मुकुट घालून पडद्याआड उभे होते. त्यांना काही सुचेना. तेव्हा काका द्वारपालाचा भाला घेऊन वेळेआधीच आत आले, आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "अव बाई, राजाघर एकज पोऱ्यानी जागा शे. पन आमना राजाले ताजी भाकर कोनी देस नही. तुले भाकर करता येस का?"

"येस."

"मंग चाल दोन्हीजन! राजाले मी सांगस. तो बाहेर राजा शे, घरमा त्याले कोन इचारस!"

लोक हसून लोळले. वडिलांना पडद्याआडून यावे लागले, आणि मुकुट सावरत "राहू दे दोघांना" असे म्हणावे लागले. भर मंडपात शब्द देऊन बसले. त्या दिवसापासून आमच्या वगातली आई गेली आणि फुई आली. पुढे फड चालला तोवर तो प्रसंग तसाच होत राहिला आणि कोणत्याही मुलाला चिमटा बसला नाही.

खेळ संपल्यावर मी घड्याळ परत केले. सहाला दहा कमी होते. या वेळी मी ते स्वतः वाचले. वडिलांनी पेटीचे झाकण उघडले आणि कुंचला इंदूबाईंपुढे धरला. "लिखी टाक त्यानं नाव," एवढेच म्हणाले. बाईंनी कुंचला माझ्या हातात दिला आणि वरून आपला हात धरला. माझ्या नावातली वेलांटी त्या झाकणावर जरा लांबली आहे. रविवारची पहिली एस्टी निघून गेली तेव्हा मी ट्रकमध्ये आईच्या मांडीवर झोपलो होतो.

फड बंद होऊन काही वर्षे झाली. ट्रक विकला, तंबू विकला, पोशाखांची लोखंडी पेटी मात्र बाईंनी विकू दिली नाही. आता आमच्या घरातली मुले मोबाइलवर अहिराणी गमतीचे व्हिडिओ करतात. मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या पाच वर्षांच्या मुलीला रडायचे काम होते. शूटिंग करणाऱ्या पोराने डोळ्याला लावायला बामची डबी काढली. इंदूबाई त्याच्या मागे पेटीवर बसल्या होत्या. त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि त्याने डबी मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवली. मग मुलगी न रडताच व्हिडिओ झाला. तिने आजीचा, म्हणजे इंदूबाईंचा, चष्मा पुसला, एवढेच. लोकांना तोच आवडला.

इंदूबाईंचे गुडघे आता दुखतात, आवाज खाली आला आहे, घड्याळाचे काटे त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाहीत. साठी हे काही फार वय नव्हे. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांसोबत माझीही प्रार्थना आहे. हा लेख लिहिण्याआधी मी पेटी उघडून झाकण नीट पाहिले. माझ्या नावाखाली चुलत भावंडांची तीन नावे आहेत आणि त्याखाली अजून चार नावांपुरती जागा मोकळी आहे. पहिल्या जागेवर त्या मुलीचे नाव या दिवाळीत लिहायचे ठरले आहे. कुंचला तिच्या हातात असेल. उरलेल्या तीन नावांच्या वेळीही त्या लहान हातावर वरून इंदूबाईंचाच हात असो.