भगवंतरावांचा पिस्ता रंग

उल्हासनगरच्या एका गल्लीत हरिचंद्र जुन्या फ्रिजांना नवे रूप देत असे. आनंदनगरच्या कारखान्यात रंगाचे काम शिकून त्याने स्वतःचा कॉम्प्रेसर घेतला होता. पत्रा घासणे, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरणे, मग रंगाचे हात देणे, ही सारी कृती तो व्रतस्थाच्या निष्ठेने करी. त्याच्या हातून गेलेल्या वस्तूवर गतायुष्याचा डाग शोधून सापडत नसे. सत्त्याण्णव सालच्या वैशाखात याच निष्ठेने त्याला पेचात टाकले.

बदलापूर गावच्या भिमाबाई, दिवंगत भगवंतरावांच्या पत्नी, टेम्पोतून आपला फ्रिज घेऊन आल्या.

“सूनबाई म्हणते, भंगारात घाला. गंज तेवढा घालवा, भाऊ. पण हा पिस्ता रंग आमच्या मालकांनी स्वतः बसून दिलेला हाय. ते गेले. आमचा फ्रिज आम्हाला ओळखू आला पाहिजे बघा.”

“नजरेला फरक कळणार नाही, मावशी,” हरिचंद्राने शब्द दिला.

त्याच आठवड्यात अंबरनाथच्या गोदूबाईंचा, त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा फ्रिज आला. पिस्ता रंग पाहून त्या भाळल्या. भिमाबाईंच्या फ्रिजसाठी कालवलेल्या रंगातले उरलेले मिश्रण त्यांच्या फ्रिजला लागले. दोन्ही दारे सोडवून भिंतीला शेजारी-शेजारी वाळत ठेवली होती. गुरुवारी गोदूबाई आपला फ्रिज घेऊन गेल्या.

शनिवारी भिमाबाई आल्या. अगदी असाच एक फ्रिज अंबरनाथला गेल्याचे हरिचंद्राने त्यांना कौतुकाने सांगितले. त्यांनी फ्रिजला एक प्रदक्षिणा घातली, हँडलखाली हात फिरवला आणि त्या थबकल्या.

“पेटी आमची हाय. दार आमचं न्हाय.”

“असं कसं, मावशी?”

“हँडलखाली रंगाचा ओघळ होता. मी हसायची त्याला. मालक म्हणायचे, आंधळ्याला बी कळंल, फ्रिज भिमीचा हाय! कुठाय ओघळ?”

“घासून काढला.”

“का अंबरनाथला गेला?”

‘नाही’ हा शब्द हरिचंद्राच्या ओठांवर आला आणि तिथेच अडखळला. बुधवारी चहानंतर त्याने दारे बसवली होती. डावीकडचे कोणत्या पेटीला? आणि डावीकडचे तरी कोणाचे होते? शास्त्रकार ‘तोच हा’ या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. पण ती ज्या खुणांवर उभी राहते, त्या साऱ्या या भल्या माणसाने स्वहस्ते पुसल्या होत्या. आपल्याच गुळगुळीत कामाकडे तो परक्यासारखा पाहत राहिला.

“तसंच असंल तर सांगा, भाऊ. मी रागवायची न्हाय,” भिमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र ओलसर झाला होता.

तेवढ्यात त्याला आपली एक कसूर आठवली. फाटेल या भीतीने दाराचे रबर त्याने काढलेच नव्हते. त्याने पेचकस घेतला आणि रबराचा एक कोपरा अलगद उचलला. खाली बोटभर रुंदीची जुनी पट्टी होती. जाड पिस्ता रंग, त्यात ब्रशाच्या रेघा, आणि एका रेघेत कायमचा रुतलेला काळा केस.

“ब्रशाचे केस गळायचे,” भिमाबाई पुटपुटल्या. “मी म्हटलं होतं, नवा ब्रश आणा.”

त्यांचे बोट त्या केसावर टेकले.

“रबर बसवतो, मावशी. नाहीतर गारवा टिकायचा नाही.”

“बसवा की. घाई काय हाय?”

बोट काही हलेना. आपले काम उत्तम झाले की बिघडले, हे हरिचंद्राला उमगत नव्हते; रबराचा कोपरा चिमटीत धरून तो तसाच उभा राहिला.