दर्यातला आमचा खुंट

बायांनो, जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवावं.

आज सकाळी मासेखात्याचा साहेब तारापूरच्या किनाऱ्यावर आला. म्हणाला, "मावशी, समोरच्या दर्यात आता मासेमारी बंद. जाळी बांधायचे खुंट आम्ही उपटणार. पलीकडे जागा देऊ, नायलॉनचं जाळंही देऊ."

मी म्हटलं, "आधी माझा नवरा वर काढून दे."

तो हसला. दीर म्हणाला, "हसू नका साहेब. तिथं खुंट ठोकतानाच भाऊ बुडाला. अजून सापडला नाय."

ओहोटीला त्या खुंटाचं टोक वर येतं, तेव्हा माणूस गळ्याएवढ्या पाण्यात उभा हाय असं वाटतं. मी रोज बघते. नारळी पुनवेचा आमचा नारळ तिथंच सोडतो.

जाळ्याला जागा मिळेल हो. पण जिचा माणूस दर्यातच राहिला, तिनं मला सांगावं, खुंट गेल्यावर मी कुठं बघू?