आमची दहावी

पन्नाशीत दहावीला बसलेला बाप अख्ख्या जेसल पार्कात एकच, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. कागदोपत्री दहावीला त्यांची मुलगी आहे. पण गृहस्थ बोलतात ते कायम अनेकवचनात. "उद्या आमची विज्ञानाची टेस्ट आहे." "आमचा भूगोल जरा कच्चा आहे." केबिन रोडला भेंडी निवडतानाही तेच, "भैया, जल्दी तोलो, हमारा टेन्थ है!" भाजीवाला त्यांच्या टकलाकडे बघतच राहिला. घरी त्यांनी टीव्हीला उशीचा अभ्रा चढवला, पाहुणे बंद केले आणि प्रमेयं मुलीच्या आधी स्वतः पाठ केली. ती पेन उचलेपर्यंत पुढची पायरी यांच्या तोंडून बाहेर! तिची नजर खिडकीकडे वळली की पट्टीने टेबल वाजवायचे, "आपलं लक्ष कुठंय?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं मीच. नववीत तिला गणितात कमी पडले, तेव्हा जिन्यात मी शहाणपणा पाजळला होता, "जरा लक्ष घाला हो तिच्यात." हे कोण सांगतंय? मुलाला 'मोकळं' वाढवणारा मी, जो पालकसभेत तासभर आठवीच्या वर्गात मान डोलवून आलो! चिरंजीव दहावीत, यांच्याच मुलीच्या वर्गात आहेत, हे शेवटी बाईंनी सांगितलं.

प्रिलिमचे पेपर दाखवले, त्या दिवशी आम्ही दोघे बाप एकाच बाकावर अवघडून बसलो होतो. माझ्या मुलाला गणितात चाळीसपैकी नऊ. तिला सात. प्रमेयाची पहिली ओळ लिहून खाली सगळं कोरं.

"अगं, हे तर आपल्याला येत होतं!" गृहस्थ कळवळले.

"तुम्हाला येत होतं, पप्पा," ती शांतपणे म्हणाली.

परवा जिन्यात भेटले तेव्हा सवयीने मी विचारलं, "काय, कशी चाललीय तुमची तयारी?"

"तिची," ते म्हणाले. पहिल्यांदाच एकवचन. "दहा दिवसांवर बोर्ड आलंय. आत एकटी बसलीय. येतंय की नाही, विचारायची भीती वाटते हो." आणि स्वतःच्याच दाराबाहेर, पायरीवर बसले.

मीही शेजारी टेकलो. खाली माझ्या दारामागेही एकजण दहावीला होता. त्याला काय विचारायचं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं.