गिऱ्हाईक उठता कामा नये

रुपचंद नानांनी जळगावात रतनलाल शेठजींच्या दुकानात एक्केचाळीस वर्षं साड्या विकल्या. त्यांच्यासमोर गादीवर बसलेली बाई रिकाम्या हाताने उठली, असं फार थोड्या वेळा झालं. हे मी नाही म्हणत, नाना म्हणतात, आणि दिवसातून दोनदा म्हणतात. पिंप्राळ्यात आमच्या घरांची भिंत एकच आहे, त्यामुळे मला सगळं पाठ आहे.

नानांचं शास्त्र सोपं होतं. बाई उंबऱ्यावर असतानाच "या मावशी, बसा" म्हणायचं. बसली की अर्धं काम झालं. मग पाणी, मग चहा. चहा पोटात गेला की "घेऊ नका, नुसतं बघा" म्हणत चाळीस घड्या मोडायच्या. एवढा पसारा बघून बाईलाच ओशाळल्यासारखं होतं. आणि बायकांच्या घोळक्यातली एक उठली की बाकीच्याही उठतात, म्हणून पहिलीला उठू द्यायचंच नाही.

त्यांच्या पत्नी धुरपदाबाई, म्हणजे आमच्या अक्का, माहेरच्या भडगावच्या. बोलणं कमी. घरातलं सगळं बोलणं नानाच संपवत असल्यामुळे त्यांच्या वाट्याला काही उरत नसावं.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या सुलक्षणाने, ती पुण्याला असते, आईबापांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची सहल दिली. सोबतीला मी आणि माझी बायको दिपमाला. आम्ही आमच्या खर्चाने गेलो, हे सांगितलेलं बरं, कॉलनीत वेगळंच बोललं जातं.

अक्कांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आता पाहिला, पण जहाजाच्या अकराव्या मजल्यावरून. दोन दिवस कठड्याला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, इतलं पानी शे, आन् हात लावाले थेंब नही!" त्यांना बाकी काही नको होतं. फक्त समुद्रात पाय घालून उभं राहायचं होतं. तिसऱ्या दिवशी थायलंडमधल्या एका बेटावर उतरायचं होतं, आणि कार्यक्रमात 'समुद्रकिनारा, दीड तास' असं छापलेलं होतं. अक्का पहाटेच जुनी साडी नेसून तयार.

बसमध्ये तिथला गाइड भेटला. खरं नाव आपल्याला म्हणता येणार नाही म्हणून त्याने स्वतःच राजू हे नाव घेतलं होतं. हिंदी आमच्या धुळ्याच्या मेहुण्यापेक्षा बरी. बस किनाऱ्याऐवजी एका भल्यामोठ्या दुकानासमोर थांबली. अक्कांनी विचारलं तर म्हणाला, "समंदर कहाँ भागेगा, आंटी? पहले थोड़ा शॉपिंग."

दुकानात शिरताना प्रत्येकाच्या छातीवर नंबराची चिकटपट्टी लावली. मग अंधाऱ्या खोलीत रत्नांचा सिनेमा, मग प्रत्येकाच्या हातात थंड सरबत, आणि जोडप्यामागे एक-एक पोरगी. किंमत विचारली की ती कॅल्क्युलेटरवर दाखवायची, नाही म्हटलं की निम्मी करायची, तरी नाही म्हटलं की तिचा साहेब येऊन "सिर्फ़ आपके लिए" म्हणायचा. मी नीलमची अंगठी घेतली. तिच्याविषयी जास्त बोलणार नाही. जळगावच्या सराफाने आधी माझ्याकडे बघितलं, मग अंगठीकडे, आणि हसला तो माझ्याकडे बघून.

नाना मात्र हरखून गेले होते. पुढे रेशमी कापडाचा विभाग होता. तिथल्या पोरीने त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाली, "पापाजी, लेना नहीं, सिर्फ़ देखो." नानांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. माझा दंड धरून म्हणाले, "देखा भाऊ, पोर कशी तयार शे! बठ्ठं शास्तर आपलंच!" ती कापडाचं एक ठाण उलगडायची आणि नाना "वा!" म्हणायचे. तिला वाटलं, मोठं गिऱ्हाईक गवसलं. तिने आणखी दोघींना हाक मारली.

शेवटी नानांनी हात जोडून 'नको' म्हटलं, तेव्हा समोर चाळीस-पन्नास कापडांचा डोंगर झाला होता. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. नाना उठले नाहीत. मोडलेल्या घड्या तशाच टाकून जायचं त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. ते मांडी घालून घड्या घालायला बसले. साहेब तर पुन्हा किंमत कमी करायला लागला.

अक्का दारापाशी उभ्या होत्या. सरबताला हात लावला नव्हता. पोरींनी तीनदा खुर्ची आणली, तीनदा एकच उत्तर, "माले बसनं नही." एक तास गेला. त्यांनी नानांना हाक मारली, तर नाना मान वर न करता म्हणाले, "दोन मिनिटं. दहाच घड्या राहिल्यात."

मला नानांचा भयंकर राग आला. स्वतःचाही आला, कारण माझ्या खिशात पावती होती. अक्का रडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पदर खोचला आणि सरळ दार ओढलं. शिपाई म्हणाला, बाहेर जायचा रस्ता पलीकडून, सगळं दुकान फिरून. अक्कांनी त्याला खणखणीत अहिराणीत विचारलं, "समिंदर कोनीकडे शे?" आणि त्याच्या हाताखालून बाहेर पडल्या.

मागोमाग दिपमाला उठली. मग धरणगावच्या दोघी बहिणी, मग त्यांच्या नणंदा, मग सगळाच घोळका. नवरे निमूटपणे मागे. राजू "रुको, रुको" करत धावला, पण रिकाम्या दुकानात तो रोखणार कोणाला? नानांनी मान वर केली. हातातलं कापड अर्धवट घडीचं होतं. ते त्यांनी तसंच खाली ठेवलं.

बसमध्ये नाना माझ्या शेजारी बसले. मला हळूच म्हणाले, "भडगावच्या एका बाईची शेवटची एसटी चुकवली होती मी. घरी तान्हं होतं तिला. तीन साड्या खपवल्या म्हणून मी आजवर तो किस्सा हसत सांगतो. लाज वाटायला पाहिजे होती."

किनाऱ्यावर राजूने घड्याळ दाखवलं. "सिर्फ़ पंद्रह मिनट. फिर काजू की दुकान."

अक्का पाण्याकडे पळाल्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी बाई पळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. इकडे नानांनी राजूच्या खांद्यावर हात ठेवला. "आओ राजूभाई, बैठो." त्याला माडाखाली बसवलं. शहाळं मागवलं. तो दोन घोट प्यायल्यावर नानांनी फोन काढला. "सुनना नहीं, सिर्फ़ देखो." सुलक्षणाच्या लग्नाचे फोटो! एकेक फोटो, त्यातला एकेक पाहुणा, त्याचं गाव, त्याचं नानांशी लागणारं नातं. राजू घड्याळ बघायचा की नाना पुढचा फोटो. राजू उठायला लागला की दुसरं शहाळं. शहाळं प्यायलेला माणूस मध्येच उठणार कसा? काजूचं दुकान बुडालं आणि पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला.

अक्का गुडघाभर पाण्यात होत्या. लाट आली की मागे सरायच्या आणि पुन्हा पुढे जायच्या. ओंजळीत घेऊन चव घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि हसल्या. बारा वर्षांत मी भिंतीपलीकडून नानांचा आवाज रोज ऐकला, अक्कांचं हसणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला भरून आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पुढे त्याच आपण होऊन बाहेर आल्या, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून. साडी गुडघ्यापर्यंत ओली. नाना तिकडे काय करताहेत, असं मला विचारलं. मी सांगितलं. अक्का तशाच उभ्या राहून नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ जाऊन म्हणाल्या, "इतला वरीस तुम्ही गावन्या बायकास्ले बसाडं. आज मन्हासाठे कोनले तरी बसाडं!"

नाना ओशाळले. अक्कांनी त्यांच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"आखो बाकी फोटू शेतंस का?"

"शंभरेक शेतंस," नाना म्हणाले.

"मंग दखाडा त्याले," असं म्हणून अक्का पुन्हा पाण्यात गेल्या.