वाचलेली तांबडी

उधन्यातील आमच्या शेजारीण काकूंना प्रत्येक घटनेचे कारण ठाऊक असते. परसातील त्यांच्या कोंबड्या एका सकाळी अचानक मेलेल्या आढळल्या, तेव्हा त्यांनी तत्काळ ‘नजर लागली’ असे जाहीर केले. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी एक मृत कोंबडी तपासणीसाठी मागितली.

“मरेलले कशाले फाडस?” म्हणत त्यांनी सगळ्या पुरल्या आणि वाचलेली एकुलती तांबडी माझ्या हाती दिली. “तुन्हा घरमा ठेव, पोरी. शिकेल माणसना घरले नजर लागत नही.”

तांबडी जगली. का, ते मला सांगता येईना. आता गल्लीतील प्रत्येक आजारी कोंबडी काकू माझ्याच दाराशी, तांबडीशेजारी आणून बांधतात.

“काकू, अशानेच रोग पसरतो!”

“तू शेस ना, मंग कशाना रोग?”