मणक्याचं ऑपरेशन आणि माझं उलटं चालणं

"मणका मोडलाय," जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं. "ऑपरेशन हैदराबादेत होईल. पण या वयात पुन्हा चालतील की नाही, ते नंतरच्या मेहनतीवर."

वाळवण घालायला माळवदावर चढताना माझी बायको, सरू, शिडीवरून पाठीवर पडली होती. पायांत जीव होता, पण उठून बसता येत नव्हतं. मी घनसावंगीच्या शाळेतून पेन्शनीवर निघालेला मास्तर. आपल्याला सगळं समजतं हा माझा तोरा त्या एक्स-रेसमोर उतरला.

हैदराबादेत फ्यूजन केलं, म्हणजे तिच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांना जोडला. माणसाची अशीही डागडुजी होते, याचं मला अजून नवल वाटतं. मग प्लास्टरचं जाकीट घालून तिला कित्येक महिने निजवून ठेवलं.

जाकीट निघालं आणि जालन्यात फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे सुस्तावलेल्या स्नायूंना व्यायामानं पुन्हा कामाला लावणं. आधी कुशीवर वळणं, मग पाय सोडून बसणं, मग खाटेला धरून उभं राहणं. तिला घाम फुटायचा, मला रडू.

एके सकाळी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आज यांना चालवत न्या."

मी "चल" म्हणालो आणि निघालो की पुढं, लग्न झाल्यापासून निघत आलो तसा! तीही पदर सावरून माझ्या पाठीमागून यायला गेली आणि डगमगली. नर्सनं तिला धरलं. सगळा वॉर्ड हसला.

"अहो, तोंड त्यांच्याकडे करा," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही हात धरा. उलटं तुम्ही चाला."

"मी न्हाई धरायची तुमचा हात," सरू पुटपुटली. "समदे बघून राह्यले."

"बघू दे. मला तुला घरी न्यायचंय."

"मंग तुम्ही पडू नका, म्हंजे झालं."

तिनं हात दिले. मी मागं सरकत गेलो. दातांखाली ओठ, नजर जमिनीवर, एकेक पाऊल चाचपत ती पुढं येत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात ती कायम माझ्या मागून चाललेली. तिला चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर मायेपोटी त्यांना नुसतं निजवून ठेवू नका. डॉक्टर सांगतील तेवढं रोज करवून घ्या.

ती काठीच्या आधारानं चालू लागली, तेव्हा दवाखान्यातून सुट्टी मिळाली. गावात मोटारीतून उतरलो. "व्हा पुढं," ती सवयीनं म्हणाली. मी तिच्या हातात काठी दिली आणि थांबलो.

ती निघाली. बाजारातल्या लोकांच्या देखत मी घरापर्यंत तिच्या मागून गेलो, तिची ताठ पाठ बघत.